यशया ५३ मधला सेवक कोण? यहुदी लोक येशूला मशीहा का मानत नाहीत?

नगरची_लेक

मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट घरातली. नोकरीमुळे ठाण्यात राहते. डिसेंबर आला की आमच्या तरुण संघात कुणाला तरी 'भाकिते आणि त्यांची पूर्तता' यावर बोलायला उभं करतात. यंदा माझी पाळी. हातात एक जुना झेरॉक्स आहे, डावीकडे जुन्या करारातलं वचन आणि उजवीकडे नव्या करारातली पूर्तता. बेथलेहेम, मीखा ५. गाढवावरून येणारा राजा, जखऱ्या ९. तीस रुपये, जखऱ्या ११. आणि अर्थातच यशया ५३, आमच्या अपराधांमुळे घायाळ झालेला सेवक.

ऑफिसातली एक मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी आहे. जेवणाच्या सुट्टीत तिला यशया ५३ वाचायला दिला आणि विचारलं, हे वाचून तुला कोण आठवतं? ती म्हणाली, "आम्हीच. दुसरं कोण?" आणि डबा बंद करून कामाला गेली.

मी तशीच बसून राहिले. लहानपणापासून मला वाटायचं की हा अध्याय वाचला की कुणालाही येशूच दिसणार. आमच्याकडचे वडीलधारे म्हणतात, यहुद्यांची मनं कठीण झाली म्हणून त्यांना दिसत नाही. पण ही बाई काही कठीण मनाची नाही. मला वाद घालायचा नाहीये. ते नेमकी कोणाची वाट पाहतात आणि आमची यादी त्यांना का पटत नाही, एवढं कुणी समजावेल का?

शनवारतेली (ठाणे)

ताई, तुमचा झेरॉक्स माझ्या ओळखीचा आहे. झेरॉक्सचं यंत्र निघायच्या आधीपासून तो आमच्या बेने इस्राएल समाजात येतोय. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन होते, त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आमच्या मुलांना शिकवलं ते याच आशेने की मूळ हिब्रू वाचता आलं की येशू सापडेल. आमची माणसं हिब्रू शिकली, विल्सनसाहेबांचे आभार मानले आणि आपल्याच प्रार्थना जास्त नीट म्हणू लागली. धर्म बदलणारे फार थोडे. मिशनऱ्यांचं शिक्षणाचं ऋण मात्र आहे, ते मी नाकारणार नाही.

आता तुमची यादी. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, ती उलट्या टोकाने केलेली आहे. आधी माणूस ठरला, मग त्याला जुळणारी वचनं गोळा झाली. आम्ही दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो: मशीहा, म्हणजे देवाचा अभिषिक्त राजा, आला तर जगात काय झालेलं दिसेल? यशयाच म्हणतो, लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, राष्ट्र राष्ट्रावर तलवार उचलणार नाही. यिर्मया २३ म्हणतो, दाविदाच्या कुळातला राजा न्यायाने राज्य करील आणि इस्राएल निर्भय राहील. खिडकीबाहेर बघा आणि सांगा, झालंय का हे?

याची सर्वांत कोरडी आणि म्हणून मला सर्वांत आवडणारी मांडणी रांबामची, म्हणजे मोशे बेन मैमोन यांची. इजिप्तमध्ये राहत, धंद्याने वैद्य, १२०४ मध्ये वारले. आपल्या मोठ्या धर्मशास्त्राच्या अगदी शेवटी ते लिहितात: दाविदाच्या घराण्यातला राजा उठला, तोरात (मोशेच्या नियमशास्त्रात) रमला, इस्राएलला तोराच्या वाटेवर आणलं, देवाच्या लढाया लढला, तर तो मशीहा असेल असं धरून चाला. त्याने मंदिर त्याच्या जागी बांधलं आणि पांगलेल्यांना गोळा केलं, तर तो नक्की मशीहा. चमत्कार करायची, मेलेल्यांना उठवायची अट नाही. जमलं नाही किंवा तो मारला गेला, तर तो हा नव्हे. दाखला बार कोखबाचा. रोमविरुद्धच्या १३२ ते १३५ च्या बंडाचा हा पुढारी, त्याला रब्बी अकिवासारख्या थोर माणसाने मशीहा मानलं होतं. तो मारला गेला आणि प्रश्न मिटला. रांबाम त्याला पापी ठरवत नाहीत, फक्त काम झालं नाही.

म्हणजे तुमची गोष्ट जिथून सुरू होते, त्या क्रुसापाशी आमची परीक्षा संपते.

आमच्या आजीच्या घरी आव महिन्याच्या नवमीला बिरड्याचा रोजा असायचा. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा हा उपास, नाव मात्र अस्सल कोकणी. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं व्हायचं ते रोजा सोडायला. मशीहा आला असं मानायचं तर पहिल्यांदा हा रोजा बंद व्हायला हवा. मंदिर पुन्हा उभं असतं, तर आजी कशाला उपाशी राहिली असती?

याच दिवसावरून एकदा राजासमोर वाद झाला होता. १२६३, बार्सिलोना, आरागॉनचा राजा जेम्स पहिला. एका बाजूला पाब्लो क्रिस्तिआनी, यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेला संन्यासी. दुसऱ्या बाजूला रांबान, म्हणजे मोशे बेन नाहमान. (रांबाम वेगळे, रांबान वेगळे. आमच्याकडचेही गोंधळतात.) पाब्लोने आमचंच शस्त्र काढलं: एक जुनी रब्बीकथा आहे. एकजण शेत नांगरत होता, त्याची गाय हंबरली. वाटेने जाणारा अरब म्हणाला, नांगर सोड, तुमचं मंदिर पडलं. गाय पुन्हा हंबरली. तो म्हणाला, नांगर जुंप, तुमचा मशीहा जन्मला. मग, पाब्लो म्हणाला, तुमच्याच कथेप्रमाणे तो जन्मून गेलाय! रांबान म्हणाले, एक तर अशा कथा मानायलाच हव्यात असं आमच्यावर बंधन नाही. दुसरं, ही खरी धरली तरी तुमचा येशू मंदिर पडायच्या कितीतरी आधी जन्मला आणि मेला. आणि जन्मला म्हणजे आला असं होत नाही. त्यांचं राजाला सांगणं असं की येशूपासून आजपर्यंत जग मारामारीने आणि लुटालुटीने भरलेलं आहे, आणि ख्रिस्ती तर सर्वांत जास्त रक्त सांडतात. राजाच्या तोंडावर हे बोलायला काय छाती लागली असेल! राजाने त्यांना बक्षीस दिलं खरं, पण पुढे वादाची हकिगत लिहिल्यावर चर्चच्या लोकांनी पिच्छा पुरवला. म्हातारपणी देश सोडून ते १२६७ मध्ये यरुशलेमला पोचले.

यशया ५३ बद्दल तुमची मैत्रीण बोलली ते राशी नावाच्या रब्बीचं मत, अकराव्या शतकातलं. त्याहून जुनाही पुरावा आहे, तोही तुमच्याच माणसाचा. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेन लिहितो की यहुदी हा अध्याय साऱ्या प्रजेबद्दल आहे असं सांगतात. मागचे अध्याय वाचा. ४१, ४४, ४९, तिथे 'माझा सेवक इस्राएल' असं सरळ म्हटलंय. पण खरं तेही सांगतो, आमच्यात सगळेच हे असं वाचत नाहीत. जुन्या अरामी भाषांतरात, तारगूममध्ये, हा सेवक मशीहाच आहे. फक्त त्याच्या वाट्याचे हाल तिथे मोठ्या हिकमतीने दुसऱ्यांच्या अंगावर ढकललेत.

शेवटचं. मशीहा न मानल्याने आमचं तारण अडेल अशी काळजी आम्हाला रात्री जागवत नाही. पापाचं काय करायचं, तर पश्चात्ताप, प्रार्थना, दानधर्म, आणि वर्षातून एकदा दरफाळणीचा उपास, म्हणजे योम किप्पूर. मशीहा येईल यावर श्रद्धा आहे, पण घर त्याच्या खांबावर उभं नाही.

वसईवाला_फर्नांडिस_नाही

मी कॅथलिक, काही वर्षं सेमिनरीत काढून बाहेर पडलेला. काकांचं 'उलट्या टोकाने' पटलं, पण ते आम्हाला वाटतं तितकं लाजिरवाणं नाही. लूक २४ वाचा. दोघे शिष्य अम्माऊसच्या वाटेवर तोंड पाडून चाललेत. म्हणतात, इस्राएलची सुटका करणारा तो हाच अशी आमची आशा होती. 'होती'! म्हणजे येशूचे स्वतःचे शिष्यही क्रुसानंतर रांबामच्याच निकालाला आले होते. पेत्राचंही तेच. मार्क ८ मध्ये तो म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि पुढच्याच दमात येशू दुःखाची, मरणाची गोष्ट काढतो तेव्हा त्याला बाजूला घेऊन दटावतो. मेलेला मशीहा कुणाच्याच कल्पनेत नव्हता.

सगळं फिरलं ते थडगं रिकामं दिसल्यावर. मग त्यांनी शास्त्रं पुन्हा उघडली आणि तेव्हा यशया ५३ दिसला. म्हणून नगरची_लेक, तुमचा झेरॉक्स पुरावा म्हणून वाचू नका. पुनरुत्थान मानणाऱ्याला मागे वळून जे दिसतं ते ते आहे. न मानणाऱ्याला तीच वचनं दाखवून तो मानेल असं होत नाही. हे माझं एकट्याचं मत नाही. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने २००१ च्या दस्तऐवजात जवळपास हेच मांडलंय, आणि यहुद्यांचं मशीहाची वाट पाहणं व्यर्थ नाही असंही लिहिलंय. 'कठीण मनाचे' हा शब्द तर सोडाच. आमच्या शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत 'विश्वासघातकी यहुदी' असं असायचं, ते तेविसाव्या जॉन पोपनी १९५९ मध्ये काढलं. उशीरच झाला होता.

खिडकीबाहेर बघण्याच्या मुद्द्यावर मात्र आमचं उत्तर लंगडं आहे, कबूल. लूक ४ मध्ये येशू नासरेथच्या सभास्थानात यशया ६१ वाचतो आणि वाक्य अर्ध्यावर तोडतो. प्रसादाचं वर्ष एवढं वाचतो, पुढचा 'सूड घेण्याचा दिवस' वाचत नाही, ग्रंथपट गुंडाळून सेवकाकडे देतो. आम्ही म्हणतो, राहिलेलं अर्धं दुसऱ्या येण्याच्या वेळी. शनवारतेली काका म्हणणार, हप्त्याने येणारा मशीहा आमच्या शास्त्रात नाही.

शनवारतेली

अगदी तेच म्हणणार होतो. वाचवलेत टायपिंगचे कष्ट.

तर्कटी_तात्या

दोन हजार वर्षं एक जण वाट बघतोय आणि दुसरा 'पुन्हा येईल' म्हणून वाट बघतोय. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. येईल तेव्हा त्यालाच विचारा, पहिली खेप की दुसरी!

नगरची_लेक

तात्या, हा विनोद आमच्या पाळकसाहेबांनाही येतो :)

सगळ्यांचे आभार. यादी बाजूला ठेवली. लूक ४ घेणार आहे आणि शेजारी यशया २ मधले नांगराचे फाळ, दोन्ही वाचून दाखवणार. संघातल्या मुलांना उत्तर न देता घरी पाठवलं तर ओरडा मिळेल, बघू.

एक शंका राहिली. मैत्रिणीकडे मलिद्याला गेले होते. गोड पोहे, खोबरं, फळं, आणि सगळं एलियाहू हानाबीच्या नावाने. आमच्याकडे एलिया म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, काम संपलेला माणूस. तुमच्याकडे तो अजून येणाऱ्यांत कसा?

शनवारतेली

कारण निरोप अजून पोचायचाय. मलाखी सांगतो, परमेश्वराचा मोठा दिवस येण्याआधी मी एलियाला पाठवीन. तुमच्या जुन्या कराराचं शेवटचं पान हेच. ते उलटलं की मत्तय, आणि दोन अध्यायांनी कातड्याचा कमरबंद बांधलेला योहान, हुबेहूब राजे यांच्या पुस्तकातल्या एलियाच्या वेषात. मांडणीच अशी की वाचणारा सरळ पुढे चालत जातो. आमच्या तनाखमध्ये मलाखी मध्येच येतो. शेवट इतिहासाच्या पुस्तकाने, आणि शेवटचं बोलणं पारसच्या कोरेश राजाचं: मंदिर बांधायचंय, ज्याला जायचंय त्याने वर जावं. गंमत म्हणजे यशया ४५ मध्ये देव या परक्या राजालाही आपला अभिषिक्त म्हणतो. पुस्तकं जवळपास तीच, पण तुमचं शेवटचं पान माणसाची वाट बघायला लावतं, आमचं घरी परतायला सांगतं.

कोकणात तर एलियाहूची वाट पाहायला लांब जावं लागत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खूण आहे, त्याचा रथ तिथून आकाशात गेला असं आमचे लोक मानतात. नवस फेडायला इस्राएलहूनही येतात. मुलाच्या सुनतेला त्याची खुर्ची, पेसाहच्या सणाला त्याचा प्याला. मशीहाचं नाव आमच्या घरात महिनोन्‌महिने निघणार नाही, एलियाहूचं दर शनिवारी संध्याकाळी निघतं.

तात्या, तुमच्या चिमट्याला उत्तर राहिलं. दोन्ही सारखेच वाटतात हे मलाही कधी कधी वाटतं, पण ते वेगळ्याच कारणाने. कुलाब्याचं नरिमन हाउस २००८ पासून सगळ्यांना ठाऊक आहे. ते ज्या लुबाविच पंथाचं, त्यांचे रेब्बे, म्हणजे गुरू, न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली वारले. त्यांच्या अनुयायांपैकी काही जण अजून म्हणतात की तेच मशीहा, आणि परत येतील. सगळे नव्हेत. दुसरे रब्बी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि पुढे काय करतात तर रांबामचं तेच पान काढतात: वारला, मंदिर झालं नाही, म्हणजे तो हा नव्हे. आणि हे शिष्य? पुन्हा पुस्तकं उघडून वचनं शोधत बसलेत.