'केबलचोरी' म्हणावं का?

प्रश्न : पैसे न भरता सशुल्क वाहिन्या बघण्याला मराठीत नेमकं काय म्हणतात? मी लेखात 'केबलचोरी' लिहिलं, तर आमचे संपादक म्हणाले, वाचकाला विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली असं वाटेल.

प्रतिसाद : संपादकांचं बरोबर आहे. गावाकडच्या बातम्यांत तो शब्द तांब्याच्या तारेसाठीच रुळला आहे. 'वीजचोरी' बिनधास्त लिहा, कारण विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ मध्ये तिला चोरीच म्हटलंय. प्रक्षेपणाचं तसं नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मधली चोरी (आता न्याय संहितेचं ३०३) जंगम मालमत्तेची असते. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलावी लागते. सिग्नल तुम्ही घेतला तरी वाहिनीकडचा कमी होत नाही. म्हणून इथे कॉपीराइट कायदा बघावा लागतो. त्याच्या ३७व्या कलमानुसार परवान्याशिवाय पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा वाहिनीच्या हक्काचा भंग आहे. २०१२ साली ६५अ आलं : हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं, तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एकाच खऱ्या स्मार्ट कार्डाच्या (पैसे भरलेल्या बॉक्समधलं कार्ड) किल्ल्या, म्हणजे बंद सिग्नल उघडणारे संकेत, इंटरनेटवरून भलत्याच बॉक्सना पुरवणारे या कलमाने अडचणीत येऊ शकतात.

बोलण्यात 'आकडा टाकला' चालेल, पण तो विजेच्या तारेचा. शेजारच्या केबलला स्प्लिटर लावून आपल्याकडे घेतली, तर सरळ 'वायर ओढली' म्हणा. 'चाचेगिरी' कोशातच बरी, त्यापेक्षा 'पायरसी' सगळ्यांना कळतं.

प्रश्नकर्ती : पण 'चोरी' काढून टाकली तर गुन्हा सौम्य नाही का वाटत?

प्रतिसाद : मला उलटी भीती वाटते. 'चोरी' म्हटलं की बोट बघणाऱ्याकडे जातं. सेट-टॉप बॉक्स येण्याआधी बरेच केबलवाले गल्लीतल्या जोडण्या वाहिन्यांना कमी दाखवायचे. घरातली बाई दर महिन्याला पूर्ण पैसे देत होती, पावती बऱ्याचदा मिळतच नसे. तिला चोर म्हणणं अन्याय आहे. पैसे मधल्यामध्ये जिरत होते. त्याला 'जोडण्या लपवणं' म्हणा, म्हणजे दोष योग्य माणसावर जातो. मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबलला डिजिटल सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली आणि प्रत्येक बॉक्सला क्रमांक आला. सामना रंगात असताना पडद्यावर काही सेकंद लांबलचक नंबर उमटतो ना, तो त्याच ओळखीसाठी. कुणी तिथून चित्रीकरण करून पुढे सोडलं, तर कुठल्या बॉक्समधून गेलं ते सापडतं.

तुमच्या लेखातलं प्रकरण नेमकं काय आहे?

प्रश्नकर्ती : परमिट रूमवाला घरच्या नावावरच्या कनेक्शनवर गिऱ्हाइकांना क्रिकेट दाखवतो.

प्रतिसाद : मग ना केबल चोरली, ना कुलूप तोडलं. जोडणी घरच्या नावावर आहे, वापर मात्र धंद्यासाठी होतोय. 'घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर' असं लिहा. शीर्षकाला लांब होईल, पण त्याने जे केलं ते तेवढंच आहे.