थंडीत खोल जलाशयातील मासे अचानक मरण्यामागे तळाचे पाणी असू शकते का?

प्रश्न (नवापूर परिसर, जि. नंदुरबार)
आमच्या गटाने जलाशयात पिंजरे टाकून पंगस आणि तिलापिया वाढवले आहेत. पौषात कडाक्याची थंडी पडली, जोराचा वारा सुटला आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडू लागले. पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. कोणीतरी विष टाकले, असा काहींचा संशय आहे. वरच्या पाण्याची तपासणी तर नेहमी चांगली येत असे.

प्रतिसाद १
भाऊ, कोणावर आळ घेण्याआधी तळाच्या पाण्याचा विचार करावा. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि तळाच्या गार, जड पाण्यावर थर धरून राहते. उष्ण प्रदेशात हा थर तापमानाच्या थोड्या फरकानेही टिकतो, कारण २९ वरून ३० अंशांवर जाताना पाण्याची घनता १० वरून ११ अंशांवर जाण्याच्या तुलनेत सुमारे तिप्पट घटते. तळाशी उरलेले खाद्य, विष्ठा आणि गाळ कुजताना तेथील प्राणवायू संपतो, मग सल्फेट वापरणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करतात आणि अमोनियाही साचतो. थंडीने वरचे पाणी जड झाले आणि वाऱ्याने ते ढवळले की हा साठा वर येतो. सल्फाइड माशांच्या पेशींचे श्वसन थांबवते, शिवाय त्याचे ऑक्सिडीकरण होताना वरच्या पाण्यातील प्राणवायूही खर्च होतो. मोकळा मासा दूर जाऊ शकतो, पिंजऱ्यातला जाऊ शकत नाही.

प्रतिसाद २
फिलिपिन्समधील ताल आणि इंडोनेशियातील मनिंजाऊ या ज्वालामुखीय सरोवरांत पिंजऱ्यांतील मासे अशाच प्रकारे मोठ्या संख्येने मेले आहेत. याउलट आफ्रिकेतील सुमारे १,४७० मीटर खोल टांगानिका सरोवराचे पाणी तळापर्यंत कधीच ढवळले जात नाही. तेथे खोल पाणी कायमचे प्राणवायूरहित असून मासे वरच्या थरात जगतात.

प्रश्नकर्ता
मग यापुढे नेमके काय मोजावे?

प्रतिसाद १
दर दोन मीटरवर तळापर्यंत तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजा, आणि तोही पहाटे, कारण रात्रभरच्या श्वसनाने प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. सामूही (पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते) पाहा: तो ७ च्या खाली गेला की सल्फाइडचा विषारी वायुरूप भाग वाढतो, तर अमोनिया सामू चढल्यावर घातक ठरतो. थंडीची लाट येणार असे कळताच खाद्य कमी करावे आणि वाढलेले मासे आधीच विक्रीस काढावेत. तळाशी हवा सोडणारे यंत्र मात्र ऐनवेळी सुरू करू नका, त्याने तळाचेच पाणी वर येईल. विषाची शंका दूर करण्यासाठी ताजे मेलेले मासे आणि तळाच्या पाण्याचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा.