मदत हवी आहे: हृदयाला लागून गाठ, पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करू की थेट सिटी स्कॅन?

यवतमाळ जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय. ५८ वर्षांच्या बाई, अंगानं स्थूल, मधुमेहाला मेटफॉर्मिन सुरू. एक्स-रेत हृदयाच्या उजव्या कडेला खालच्या कोनात गोल सावली. टू-डी इकोचा रिपोर्ट: 'उजव्या कर्णिकेबाहेर (हृदयाच्या वरच्या कप्प्याबाहेर) ४ सेंमी गाठ, पाण्याची की चरबीची सांगता येत नाही, विंडो खराब (ध्वनिलहरींना वाट नीट मिळत नाही). पंपिंग ६० टक्के.' घरचे म्हणतात, नागपूरला मोठ्या मशीनवर पुन्हा इको करू. कापूस वेचणी सुरू आहे, एकच फेरी जमेल.

प्रतिसाद १
भाऊ, ती फेरी सिटीसाठीच ठेवा. मशीन कितीही भारी असलं तरी फुप्फुसातली हवा आणि फासळ्या ध्वनिलहरी अडवतातच. झडपा, पंपिंग, हृदयाभोवतीचं पाणी यांना इकोसारखी तपासणी नाही. बाहेरच्या गाठीचा मात्र एखादा काठच हाती लागतो, ती उगवली कुठून ते कळत नाही. त्यात गेन (मशीनवरची चित्राची उजळी) वाढला तर पाण्याची गाठ घट्ट वाटते, कमी झाला तर चरबीही काळी, पाण्यासारखी दिसते. या कोनात हृदयावरणाची पाण्याची गाठ, चरबीचा गोळा किंवा श्वासपटलाच्या फटीतून वर सरकलेली पोटातली चरबी, तिन्ही सापडतात. सिटीत साधं पाणी ० ते २० हाउन्सफील्ड (सिटीतलं घनतेचं माप), चरबी साधारण उणे ५० ते उणे १००. वेगळं करायला एवढं बहुधा पुरतं.

प्रतिसाद २
अन्ननलिकेतून इको केला तर?

प्रतिसाद १
तो मागच्या बाजूला, डाव्या कर्णिकेजवळ उत्तम. ही गाठ पुढे आहे, प्रोबपासून लांब. त्यापेक्षा तुमच्याच सोनोग्राफीवाल्यांना बरगड्यांखालून, यकृताच्या आडून बघायला सांगा. तिथं हवा आड येत नाही. आत पूर्ण काळं आणि मागे उजळ पट्टा दिसला तर पाण्याची शक्यता जास्त. सिटी तरीही लागेलच.

प्रतिसाद ३
जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा. ईजीएफआर (त्यावरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन कॉन्ट्रास्टच्या (सिटीवेळी शिरेतून देतात त्या औषधाच्या) दिवसापासून ४८ तास बंद, किडनी पुन्हा तपासूनच सुरू. पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली होती का, विचारा. चिठ्ठीवर 'छातीचा सिटी, आधी साधा, मग कॉन्ट्रास्ट' असं स्पष्ट लिहा. नुसत्या कॉन्ट्रास्टमध्ये गाठ रंग घेते की मुळातच दाट आहे, हे ठरवणं अवघड जातं. पाणी दाट असलं तर आकडा ३०-४० येतो आणि गाठ घट्ट वाटते; तेव्हा एमआरआय. जुना एक्स-रे सापडला तर सोबत द्या, सावली पाच वर्षं तेवढीच असेल तर घाई उरत नाही.

घरी शेळ्या-कुत्री आहेत का, तेही विचारा. हायडॅटिड (कुत्र्यांच्या जंतापासून होणारी पाण्याची गाठ, सुईनं फुटली तर धोका) असू शकतं, म्हणून सिटीआधी कुणालाही सुई घालू देऊ नका. चेहरा सुजला, मानेच्या शिरा फुगल्या, आडवं झोपल्यावर दम लागला किंवा चक्कर येऊन पडल्या, तर वेचणी संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी १०८ बोलवा.