'घोडनाव' म्हटलं तर काय समजाल?

आडवाट: एका अमेरिकन लेखाचं भाषांतर करतोय. १८१४ पासून न्यूयॉर्क-ब्रुकलिनमध्ये घोड्यांच्या जोरावर चालणाऱ्या नावा होत्या. मी 'घोडनाव' लिहिलं. संपादकबाई म्हणतात, ही घोडे वाहून नेणारी वाटते. काय करू?

नदीकाठ: बाईंचं बरोबर आहे. लंडनचा हॉर्सफेरी रोड घ्या. तिथली नाव घोडे पलीकडे पोचवायची, घोडे तिला चालवत नव्हते.

जुनाखोंड: मग बैलगाडीत बैल बसतात वाटतं? १८७४ मध्ये मुंबईत घोड्याची ट्राम आली, तेव्हा कुणाचा घोटाळा झाला नाही.

नदीकाठ: आणि मालगाडीला माल ओढतो?

शुद्धमती: 'घोड' लावलं की मराठीत थोराडपणाच येतो. घोडचूक, घोडनवरी. घोडनाव म्हणजे लग्नाचं वय उलटलेली नाव! नावेसाठी 'तर' हा आपला जुना शब्द आहे, 'अश्वतरी' करा.

खटपट्या: ताई, अश्वतरी म्हणजे संस्कृतात खेचरी. कोश उघडा.

तारीवाडा: पण 'तर' जिवंत आहे हं. आमच्या गोव्यात धक्क्याला 'तार' म्हणतात, नाव हाकणारा तो 'तारी'.

खटपट्या: आधी घोडा करतो काय ते तरी बघा. सुरुवातीला घोडे डेकवर गोल फिरायचे, घाण्याच्या बैलासारखे. १८१९ मध्ये बार्नबस लँग्डनने पेटंट घेतलं: डेकखाली मोठं आडवं चाक, डेकला खाचा, खाचेतून घोड्याचे पाय चाकावर. घोडा चालतो पण जागचा हलत नाही, पायाखालचं चाक मागे सरकतं आणि दातेरी चाकांमार्फत दोन्ही बाजूंची वल्हेचाकं फिरतात. अशी एक नाव १९८३ मध्ये बर्लिंग्टनजवळ शॅम्प्लेन सरोवराच्या तळाशी सापडली. म्हणजे 'घाणानाव' पहिल्या प्रकाराला चालेल, दुसऱ्याला नाही.

जुनाखोंड: वाफेच्या बोटी आल्या होत्या ना? घोडे कशाला?

खटपट्या: न्यूयॉर्कच्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायचा मक्ता फुल्टन आणि लिव्हिंग्स्टन या दोघांकडे. तो १८२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोडला. घोड्याला मक्ता आडवा येत नव्हता, आणि घोडा बॉयलरसारखा फुटत नाही.

शुद्धमती: मक्ता अरबी. 'एकाधिकार' लिहा.

जुनाखोंड: आणि 'डेक' चालतं होय?

आडवाट: अहो, मजकूर उद्या द्यायचाय…

शुद्धमती: डेकला 'नौकापृष्ठ'.

तारीवाडा: त्यावर घोडा घसरेल.