हिमालयनवर पाय टेकत नाहीत, अजून खाली कशी करायची? तातडीने मदत हवी आहे

भोगावती
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. रॉयल एनफील्डची हिमालयन घेतली आहे आणि पाय टेकत नाहीत. परवा गगनबावड्याच्या रस्त्यावर एसटीमागे थांबले आणि गाडीसकट उजवीकडे आडवी झाले. मला लागलं नाही, आरसा गेला. त्याच्या आधी दारात उभी केलेली गाडी आपली आपण पडली, ते वेगळंच. पुढच्या महिन्यात ग्रुपबरोबर स्पितीला जायचंय, पैसे भरून झालेत. गाडी अजून इंच-दीड इंच खाली आणायची आहे. कोल्हापूर किंवा पुण्यात कोण करून देईल? "दुसरी गाडी घ्या" हा सल्ला कृपया नको, घरात रोज ऐकते.

घाटमाथा
कुठली हिमालयन? जुनी ४११ की नवी ४५०? जुनीची सीट ८०० मिमीवर आहे, नवीची ८२५ पासून सुरू होते. तुमची उंची, वजन आणि इनसीम सांगा. मागे कोणी बसणार आहे का, सामान किती, हेही लिहा. त्याशिवाय सगळं हवेत.

पेठकर
पुण्यात नाना पेठेत सीटवाले आहेत, तासाभरात फोम कापून देतात. फक्त स्वतः समोर उभं राहा. मी "थोडा कमी करा" म्हणून चहाला गेलो, परत येईपर्यंत त्यांनी पार पत्र्याला भिडवला होता. त्या सीटवर साताऱ्यापर्यंत जाऊन दाखवावं कोणीही. फोम वरून कापण्यापेक्षा टाकीजवळच्या दोन्ही कडा तासून घ्या. मांड्या फाकाव्या लागत नाहीत, पाय सरळ खाली जातो आणि बसायची जागा जाड राहते.

सायलेन्सर_काका
उंची ही मानसिक गोष्ट आहे. आमच्या वेळी राजदूतवर पोरं लोंबकळत शिकली. जाड तळव्याचे बूट घ्या, विषय संपला.

पेठकर
काका, राजदूत आणि १९६ किलोची गाडी यांत फरक आहे हो. आणि तळवा जाड झाला की गिअरच्या दांडीखाली बोट शिरत नाही. दांडी वर घेऊन सेट करावी लागते, ते कोणी सांगत नाही.

भोगावती
४५० आहे. उंची ५ फूट २, वजन ५२. इनसीम म्हणजे जीन्सवर लिहिलेलं ना? २८.
स्पितीला एकटीच असणार, मागे कोणी नाही. बूट रायडिंगचेच आहेत, तरी पोहोचत नाही. कोण करून देईल तेवढं सांगा ना कोणीतरी.

घाटमाथा
जीन्सवरचा २८ बहुधा कंबरेचा असतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये वर घट्ट दाबून धरा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. मिलिमीटरमध्ये सांगा.

उद्यमनगरी
ताई, कोल्हापूरच्या हाईसा आन पुण्याला कशाला जातासा? उद्यमनगरात लेथवर लिंकच्या पट्ट्या करून मिळतील. ईएन २४ पोलादात करून घ्यायच्या, लोखंडी भंगारात नाही. मागच्या शॉकपला जोडलेल्या लिंकची पट्टी काही मिलिमीटर बदलली की मागचं चाक इंचभर वर जातंय, म्हंजे गाडी तेवढी खाली बसती. सकाळी द्या, संध्याकाळी न्या. मी सोता दोन गाड्यांना करून दिल्यात, अजून तक्रार नाही.

कायदेपंडित
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर?

उद्यमनगरी
आरसीवर सीटची उंची कुठं लिवलेली असती वकीलसाहेब?

कायदेपंडित
मी वकील नाही. पण मुद्दा तत्त्वाचा आहे.

स्पॅनर
तत्त्व बाजूला ठेवा. भोगावतीताई, दोन गोष्टी खटकल्या. एक, तुम्ही "अजून" खाली करायची म्हणताय, म्हणजे आधी काही केलंय का? दोन, दारात उभी गाडी आपली आपण कुठल्या बाजूला पडली? साइड स्टँड डावीकडे असतो. गाडी उजवीकडे पडली असेल तर कारण मला माहीत आहे असं वाटतं.

भोगावती
उजवीकडेच पडली. आणि हो, लिंक टाकलेली आहे मागे. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच इथल्या एका मेकॅनिकने टाकून दिली. लिंक सगळेच टाकतात ना, म्हणून वेगळं लिहिलं नाही.
इनसीम ७११ मिमी. म्हणजे २८ इंच. कंबरही २८, इनसीमही २८!

स्पॅनर
आता चित्र दिसायला लागलं. पुढे काही केलंय का? म्हणजे फोर्कच्या (पुढच्या शॉकपच्या) नळ्या वरच्या टी मधून (हँडलखालच्या पकडीतून) वर काढल्यात का? नळीचं टोक टी च्या वर किती दिसतं बघा. आणि हँडल जड लागतं का? रात्री हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो का?

भोगावती
पुढे काहीच केलेलं नाही. हँडल हळू चालवताना जड लागतं, मला वाटलं मोठ्या गाडीचं असंच असतं. लाइटवरून शिव्या खाल्ल्यात.

स्पॅनर
मग ऐका. फक्त मागून गाडी बसवली की तिचं नाक वर येतं. फोर्क जास्त तिरका होतो, हँडल जड होतं, वळणात गाडी शिरायला कुरकुर करते आणि हेडलाइट आकाशात जातो. साइड स्टँड मात्र मूळ लांबीचाच राहतो. त्यामुळे गाडी डावीकडे नीट कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते. जमीन जराशी उजवीकडे उतरती असली की गेली. तुमच्या दारात तेच झालं. तोवर गाडी लावताना डावी बाजू उताराकडे येईल अशी लावा, म्हणजे पडणार नाही.

लिंक ठेवायचीच असेल तर पुढून फोर्कही तेवढाच खाली घ्यावा लागतो. शॉकप पूर्ण दाबल्यावर चाक किंवा मडगार्ड वर कुठे भिडत नाही ना, हे बघूनच. आणि स्टँड कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. तोही गाडीवरून काढून, गाडीवर असताना वेल्डिंग अजिबात नको. स्टँडला स्विच आहे, त्याची वायर जळली की गिअर टाकल्या टाकल्या इंजिन बंद पडेल आणि स्पितीत कोणाला कळणार नाही का.

त्यात स्पितीच्या वाटेवरचा ग्रामफू ते बातल हा पट्टा म्हणजे नुसते धोंडे आणि नाले. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी जागा) २३० मिमी आहे, तिथे त्यातला एकेक मिलिमीटर कामी येतो. माझं मत विचाराल तर लिंक काढा.

उद्यमनगरी
आमचं बी तेच म्हणणं हाय की पुढचं बी करायला पायजे. पण काढा कशाला म्हणता? पोरीचा पाय टेकत नाही हो!

स्पॅनर
मागचा शॉकप किती घट्ट आहे ते न बघता लिंक टाकणं म्हणजे घराचं दार उघडायच्या आधी भिंत फोडणं. प्रीलोड बघितलाय का कोणी?

घाटमाथा
आणि सीट? ४५० ची सीट दोन उंच्यांवर बसते, ८२५ आणि ८४५. खालच्या आधाराची जागा बदलायची असते. ताई, सीट काढून बघा, कुठल्या खाचेत आहे?

भोगावती
आधीचे मालक सहा फुटी होते. बघते.

सायलेन्सर_काका
स्पितीला सप्टेंबरमध्ये थंडी असते. गरम पाण्याची पिशवी न्या.

पाच_फुटी
मी ५ फूट ०, हीच गाडी, लिंक नाही. सगळे उंचीबद्दलच बोलतायत म्हणून लिहिते: दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. थांबायच्या आधी ठरवायचं, कुठला पाय. मी डावा टेकते, उजवा मागच्या ब्रेकवर. थांबता थांबता कुल्ला सीटवरून अर्धा डावीकडे उतरवायचा, म्हणजे पाय आपोआप खाली जातो. हँडल सरळ पाहिजे, वळवलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडलीच समजा. बाकी गर्दीत सरकवायची असेल तर मी सरळ उतरून बाजूला उभी राहून ढकलते. लाज कसली त्यात.

एक विचारू? एसटीमागे थांबलात ते उजव्या वळणावर का? आपण डावीकडून चालतो, साध्या रस्त्याचा उतार डाव्या कडेकडे असतो, म्हणून उजवा पाय सहज पोहोचतो. घाटातल्या उजव्या वळणाला मात्र रस्ता उजवीकडे उतरता केलेला असतो. तिथे उजवा पाय टेकायला गेलं की जमीन सापडतच नाही. अशा ठिकाणी मी एसटीच्या दहा हात मागे, सरळ भागातच थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे.

भोगावती
हो!!! वळणावरच! उजवा पायच टाकला होता.

पेठकर
हे भारी सांगितलंत. इतकी वर्षं चालवतोय, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अर्थात माझे पाय पोहोचतात.

मोकळा_वेळ
तुम्ही हीरोची एक्सपल्स २०० का नाही बघत? सीट ८२५ चीच, पण वजन ३५ किलोहून जास्त कमी. पडली तरी एकटीने उचलता येते.

पाच_फुटी
पहिली पोस्ट वाचा. शेवटचं वाक्य.

भोगावती
सीट काढून बघितली. वरच्या खाचेत होती! म्हणजे इतके दिवस मी ८४५ वर बसत होते. खालच्यात बसवली. भावाला गाडी धरायला लावून बसले, आता डाव्या पायाचा चवडा टेकतो, टाच नाही. मेकॅनिकने लिंक टाकताना सीटकडे बघितलंच नाही.
प्रीलोड म्हणजे मागच्या स्प्रिंगची ती रिंग ना? ती पार घट्ट केलेली दिसते.

स्पॅनर
घट्ट असणारच, मालक सहा फुटी, मागे बायको आणि दोन पेट्या असतील. तुम्ही ५२ किलोच्या, तुमच्या वजनाने तो स्प्रिंग हलतही नसेल. या गाडीच्या चाकाला पुढे-मागे २०० मिमीची हालचाल आहे. माणूस बसल्यावर त्यातले साधारण ६० मिमी दबायला हवेत. तुमच्यासाठी बहुधा त्याच्या निम्मेही दबत नाहीत. प्रीलोड ढिला करा. मागचं चाक जमिनीवरून उचलून, लटकत ठेवून, त्याच्या आसापासून वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत मोजा, मग तुम्ही बसा आणि दुसऱ्याला मोजायला लावा. स्पितीला सामान लादून पुन्हा मोजा, तेव्हा थोडा घट्ट करावा लागेल.

कंपनीची लो सीट वेगळी मिळते, तिच्यावर ८०५ आणि ८२५ असं होतं. म्हणजे ८४५ वरून ८०५, तब्बल ४० मिमी, आणि शॉकपला हातही न लावता. तुम्ही दीड इंचच मागत होतात. लिंक काढून मूळची बसवली की गाडीचा मागचा भाग परत वर येईल, त्याची भरपाई यातून होते. स्टँडही आहे तसाच चालेल.

कायदेपंडित
आणि सगळं कंपनीचं, त्यामुळे वॉरंटीचाही प्रश्न नाही. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.

पेठकर
तुम्ही कलम ५२ म्हणत होतात.

उद्यमनगरी
लो सीटवर फोम पातळ असतोय. काझापर्यंत बसून दाखवा मग सांगा.

पाच_फुटी
माझी लो सीटच आहे. दिवसभरात दर दीड तासाला उतरते, तशी सगळेच उतरतात. दुखतं ते पाठीचं, फोमचं नाही.

भोगावती
लो सीट ऑर्डर केली. लिंक काढायला शनिवारी गाडी टाकतेय. मेकॅनिक म्हणतो मूळची लिंक शोधावी लागेल, बहुतेक भंगारात गेली. नाही मिळाली तर नवीन घ्यायची का? की आत्ता आहे तीच ठेवून पुढचा फोर्क खाली करू?

स्पॅनर
नवीन घ्या, लिंक वेगळी विकत मिळते. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा, नुसत्या पान्याने अंदाजे नको. मागची उंची बदलली की चेनचा ढीलही बदलतो, तो परत तपासून घ्या. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या, ट्रकवाल्यांवर उपकार होतील.

उद्यमनगरी
ताई, सुटी मिळाय आठ-दहा दिस लागलं तर सांगा. मूळच्या मापाची बी करून देतो आपण. ईएन २४ मध्ये.