मदत हवी आहे: रोमन रांजणात वाइनच होती, हे ठरवतात कसं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी आमच्या वाचनालयात रोमन वाइन आणि तिची भांडी यावर पाऊण तास बोलायचंय. मी इतिहासवाली, रसायनशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच. त्यामुळे एका जागी गाडी अडलीय.

भांड्यांचा भाग तयार आहे. जहाजातून न्यायचा तो अ‍ॅम्फोरा, दोन कानांचा आणि निमुळत्या बुडाचा. वाइन आंबवायचा-मुरवायचा तो डोलियम, म्हणजे आपला रांजणच, फक्त गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. पाँपेईजवळ बोस्कोरेआले इथल्या व्हिला रेजिना या रोमन शेतवाड्यात असे १८ रांजण आहेत, सगळ्यांत मिळून सुमारे १०,००० लिटर मावेल एवढे. चहूबाजूंनी माती, त्यामुळे उन्हाळ्यातही आतली वाइन तापत नसे. मला आपलं धान्याचं पेव आठवलं.

आता अडचण. जिथे तिथे वाचते की खापरात टार्टारिक आम्ल सापडलं, म्हणजे द्राक्षं. घरी तालीम करत होते, तर सासूबाई चिंच कोळता कोळता म्हणाल्या, "आंबटावरूनच ठरवायचं, तर चिंचेचं सार नव्हतं कशावरून?" हसले. मग शोधलं, तर चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचाच! सभेत कुणी हेच विचारलं तर काय सांगू?

शिवाय लाल की पांढरी हे कसं कळतं? आणि काही खापरांना आतून काळा थर असतो, तो कसला?

खापरखोऱ्या:
सासूबाईंना साष्टांग नमस्कार. रोमन इटलीत, स्पेनमध्ये चिंच नव्हती, म्हणून तिथे टार्टारिक आम्लाचा रोख द्राक्षाकडेच जातो. आपल्याकडच्या खापराला मात्र त्यांची शंका शंभर टक्के लागू. आणि द्राक्ष ठरलं तरी वाइन ठरत नाही. रोमन लोक रस आटवून काकवीसारखा पाकही करत, त्यातही हेच आम्ल. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. खापराभोवतीची मातीही तपासायची, नाहीतर आम्ल मातीतलं की भांड्यातलं हे कळायचं नाही.

लाल द्राक्षातलं माल्व्हिडिन हे रंगद्रव्य मोडलं की सिरिंजिक आम्ल उरतं. स्पेनमधल्या कार्मोनाला २०१९ मध्ये रोमन थडग्यात काचेचा कलश मिळाला. आत अस्थी आणि पाचेक लिटर लालसर पाणी! २०२४ मध्ये निकाल आला: द्राक्षातली पॉलिफेनॉल (वनस्पतीत असणारी रसायनं) आहेत, सिरिंजिक आम्ल नाही. म्हणजे मूळची पांढरी वाइन. डोळ्यांना दिसलेल्या रंगावर जाऊ नका, हे सभेत जरूर सांगा.

डांबरट:
काळ्या थराचं मी सांगतो. पाझर थांबवायला रोमन कुंभार पाइनची राळ तापवून आतून लेप द्यायचे. मेसोपोटेमियाच्या टॉर्पेडो जारला, म्हणजे लांबट, बिनकानाच्या रांजणाला, आतून खनिज डांबर असतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) राळेत डिहायड्रोअ‍ॅबिएटिक आम्ल दिसतं, डांबरात होपेन. नुसत्या डोळ्यांना दोन्ही काळीच. पश्चिम भारतातली 'रोमन' म्हणून नोंदलेली खापरं पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच टॉर्पेडो जारची निघाली. तेव्हा घारापुरीचे फोटो दाखवणार असाल तर खाली सरसकट 'रोमन वाइन' लिहू नका. रोमन वाइन आपल्या किनाऱ्यावर येत होती हे खरंच; पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी-व्यापाराच्या पुस्तकात भडोचला येणाऱ्या मालात इटलीची वाइन आहे. पण प्रत्येक खापर तिचं नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार, फोटोखालची ओळ लगेच बदलली. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर नवीन प्रश्न आला. पुरलेल्या रांजणात वाइनवर यीस्टची साय धरते आणि सोटोलोन तयार होतं, असं मी रांजणांविषयी वाचलेल्या एका टिपणात होतं. सोटोलोन म्हणजे मेथीला तिचा वास देणारं रसायन. पण रोमन शेतीलेखक कोलुमेला तर वाइनमध्ये चक्क मेथी घालायला सांगतो. मग वास सायीचा की मेथीचा, हे कुणी वेगळं काढलंय का?