विषय: मखराची गाडी थरथरते, टर्बो उचलत नाही

सर्वांस नमस्कार,

शनिवारी सकाळी मखर आणि ध्वनिक्षेपक नोव्हायच्या शाळेत पोहोचवण्याचे काम यंदाही माझ्याकडेच आहे आणि गाडी सोमवारपासून मिसिंग करते आहे, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकतात. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग हाताला थरथरते, आरपीएमचा काटा ६०० ते ९०० मध्ये वरखाली होतो, आणि हायवेला लागताना पाय पूर्ण दाबला तरी पिकअप येत नाही. इंजिनाचा पिवळा दिवाही लागला आहे. गॅरेजवाल्याने गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड न वाचताच टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बदलण्याचा खर्च सांगितला, म्हणून मी गाडी परत आणली. दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे, डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन आहे. कोड वाचण्याचे यंत्र सध्या कोणाकडे आहे?

— मखर समिती, कँटन (मिशिगन)

---

दादा, आपण टर्बो गाडीत ८७ ऑक्टेनचे पेट्रोल भरता, हे मागच्या सहलीला मी पाहिले होते आणि तेव्हाच बोललोही होतो. एक टाकी ९३ ची भरून पाहावी.

— सहल समिती, ट्रॉय

---

ऑक्टेनविषयी एवढेच लिहितो. कमी ऑक्टेनमुळे नॉकिंग होऊ लागले, म्हणजे पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटू लागले, की संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर कमी होतो, हे खरे आहे. परंतु इंजिनावर भारच नसताना ते थरथरण्याचे कारण ऑक्टेनमध्ये शोधू नये. आमच्या वडिलांची कार्ब्युरेटरची गाडी खंबाटकीच्या पायथ्याशी अशीच झटके देत असे. ते दर वेळी पेट्रोलपंपाला दोष देत, आणि दर वेळी जेटमध्ये कचरा निघे.

— ग्रंथालय, अ‍ॅन आर्बर

---

यंत्र माझ्याकडे आहे. कोजागरीच्या बॅटरी प्रकरणानंतर ते माझ्याकडेच राहील असे ठरले होते. रात्री आठनंतर घेऊन जावे.

टर्बोला तूर्त हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगतो. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, टर्बो जवळजवळ काहीच दाब तयार करत नाही, त्यामुळे तो निकामी झाला तर जोर जाईल, पण उभ्या गाडीत ठोके चुकणार नाहीत. दोन्ही लक्षणे एकदम आली असतील, तर दोन्हींना पुरेल असे एकच कारण आधी शोधावे. ते बहुधा ठिणगीत किंवा हवेच्या वाटेवर सापडते.

पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकतो) आला तर दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्यावर बसवावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. पी०३०० (ठोके कुठल्याही सिलिंडरमध्ये चुकतात) आणि पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) एकत्र आले, तर मोजमापातून सुटलेली हवा आत शिरते आहे असे धरावे. त्यानंतर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के अधिक-उणे करतो त्याचे, आकडे आयडलला आणि २,५०० आरपीएमला असे दोनदा लिहून घ्यावेत. आयडलला मोठा अधिक आकडा असून रेस दिल्यावर तो खाली आला, तर गळती मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला आहे, कारण तिथला व्हॅक्यूम आयडललाच सर्वाधिक असतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून वंगणाच्या झाकणाला हात लावावा. ते आतून घट्ट ओढल्यासारखे वाटले आणि सैल करताच शिट्टी थांबली, तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली वाफ परत हवेच्या वाटेवर सोडणाऱ्या झडपेचा) रबरी पडदा फाटला आहे. आयडलला त्या फटीतून हवा आत जाते आणि टर्बो दाब देऊ लागला की तोच दाब क्रँककेसकडे पळतो. आपल्याकडच्या थंडीत आणि दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत त्या झडपेत पाणी साचून गोठते, आणि प्लास्टिक ठिसूळ होते.

पिवळा दिवा लुकलुकू लागला तर गाडी तिथेच थांबवावी. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो वितळू शकतो.

— एक निवृत्त इंजिन-चाचणीवाला, फार्मिंग्टन हिल्स

---

काका, आपले यंत्र रात्रीच लावले. पी०३००, पी०१७१ आणि पी०२९९ असे तीन कोड आले. ट्रिम आयडलला अधिक २२, रेस दिल्यावर अधिक ६. झाकण दोन्ही हातांनी ओढावे लागले, ते सुटताना ‘फस्स’ असा आवाज झाला आणि बॉनेट उघडल्यापासून कानावर येणारी बारीक शिट्टी थांबली. मी गॅरेजमध्ये एकटाच होतो, तरी मोठ्याने ‘सापडले’ म्हणालो.

— मखर समिती, कँटन

---

पी०२९९ म्हणजे दाब कमी, हा टर्बोचाच कोड आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

— सहल समिती, ट्रॉय

---

दाब कमी आहे एवढेच तो कोड सांगतो. दाब तयार होत नाही की वाटेत गळतो, हे सांगत नाही. पीसीव्ही बदलल्यावरही तो आला, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजचे क्लँप तपासावेत आणि धूर सोडून चाचणी करून घ्यावी. तीही निर्दोष ठरली, तरच टर्बोचा दांडा हलवून पाहावा.

— फार्मिंग्टन हिल्स

---

झडप काल संध्याकाळी बसवली. आयडल ७५० वर स्थिर आहे, ट्रिम अधिक ३, आणि आज हायवेला लागताना गाडी पूर्वीसारखी उचलली. प्लग काढून पाहिले तेव्हा दोन झिजलेले दिसले, तेही बदलतो आहे. मखराच्या उभ्या पट्ट्या ट्रॉयला सहल समितीच्या तळघरात आहेत. त्या शुक्रवारी सातपर्यंत दाराशी काढून ठेवाव्यात, ही विनंती.

— मखर समिती, कँटन